डावं-उजवं

गोडेलिव्ह मावशी कारखान्यात तबकड्या भरायची.
बशीएवढी पुठ्ठ्याची तबकडी, कडेनं चौदा खिडक्या,
प्रत्येक खिडकीत नखाएवढी फिल्म.
चौदा म्हणजे सातच. डाव्या डोळ्याचं एक, उजव्याचं एक,
समोरासमोर बसवलेली,
जेवणाच्या टेबलावर रुसलेल्या नवराबायकोसारखी.

चिमट्यानं उचलायचं, श्वास धरून ठेवायचा.
आल्प्स, गव्हाणीतलं बाळ, ब्राझीलचे पोपट.
शेल्ड नदीवरचं धुकं काचेला नाक लावून बघायचं
आणि फान हूल मुकादम मागून ओरडायचा,
"बायांनो, डावं-उजवं करू नका!"
म्हणजे करा, पण चुकू नका.
अदलाबदल झाली की जवळचं लांब जातं,
लांबचं अंगावर येतं.

एकदा झालीच.
ती फुकट गेलेली तबकडी ॲप्रनच्या खिशातून घरी आली
आणि माझ्या सहाव्या वाढदिवशी,
लाल प्लॅस्टिकच्या दुर्बिणीसकट, माझ्या हातात.
खटका दाबला.
खट्.
बर्फाचा खोल खड्डा, आणि त्याच्या पुढं,
नाकाला लागेल इतकं जवळ, आभाळ.
मी किंचाळलो. "डोंगर आत गेलाय!"
"आत म्हणजे?" मावशी म्हणाली.

मला वाटलं, चेष्टा करतेय.

तिचा डावा डोळा लहानपणापासून नुसता होता.
उजेड आला, उजेड गेला, एवढं सांगायचा.
बाकी सगळा काणाडोळा.
नोकरीच्या तपासणीत तिनं उजव्यानं तक्ता पाठ केला
आणि डाव्याच्या वेळी म्हणून दाखवला.
एकवीस वर्षं जगभरच्या पोरांना खोली पुरवली.
तिला स्वतःला त्या खेळण्यात दिसायचं
पोस्टकार्ड. रंगीत. बरं होतं, म्हणायची.

कॅमेरा नवऱ्याचा. तो गेला, कॅमेरा राहिला.
वर कोपऱ्यात इवलीशी खिडकी.
"हे यंत्र माझ्या बाजूचं," ती म्हणायची,
"इथं तुम्हालाही एक डोळा मिटावाच लागतो."

पुढं मी तिला नवा दिला,
पाठीवर पडदा, डोळा लावायला भोक नाही.
तिनं हात लांब करून धरला, उतू जाणारं भांडं धरावं तसा.
उन्हात पडदा काळा पडला.
"यात मीच दिसते. मला कालवा बघायचाय."
परत केला.
जुना कसा गालाच्या हाडावर टेकतो,
हात थरथरले तरी गाल थरथरत नाही,
पापणी काचेला घासते,
आणि नको असलेलं काय काय बाहेर राहणार
ते आधीच कळतं.

खरं तर त्यालाही दोनच डोळे होते.
खाली भिंग, वर खिडकी, मध्ये दोन बोटं.
खिडकी दाखवायची ते सगळं भिंग घ्यायचं नाही.
म्हणून तिनं जवळून काढलेल्या प्रत्येक फोटोत
माझं कपाळ कापलेलं आहे.

मार्चमध्ये तिचं घर रिकामं केलं.
बिस्किटांच्या डब्यात फोटो, प्रत्येक दोनदा.
"म्हातारपण," आन्नेलोर म्हणाली, "काढलाय हेच विसरायची."
मीही कचऱ्याची पिशवी उघडली होती.
मग एका जोडीत दिसलं, सायकलचं हँडल
पुलाच्या कठड्यावरून बोटभर सरकलंय.

आठवलं. फोटो काढताना ती
आधी एका पायावर भार द्यायची, मग दुसऱ्या.
गुडघे दुखत असतील, असं आम्ही धरून चाललो होतो.

दोन्ही शेजारी ठेवले. मध्ये पुठ्ठा उभा धरला,
नजर सैल सोडली.
वेळ लागला. चहा गार झाला.
मग कठडा मागे सरला,
सायकल एकटीच निघून पुढं आली,
तिच्या घंटीभोवती हवा होती.

पाण्यातला हंस मात्र जागेवर बसेना.
आहे, नाही, आहे.
एक डोळा मिटून पाहिलं, मग दुसरा.
मधल्या वेळात, पाय बदलेपर्यंत,
तो निघून गेला होता.

फक्त डाव्या चित्रात आहे.